खिडकीपाशी कामगाराची बाजू कोण मांडणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यासारख्या जुन्या कायद्यांच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कामगारांच्या विम्याची चर्चा पुन्हा रंगली. चर्चेत सूर दोनच. एक म्हणतो, आता सगळं ऑनलाइन आहे, आधार जोडलेलं आहे, तेव्हा कामगार आणि त्याचे पैसे यांच्यामध्ये कुणी कशाला हवं? वकील नको, पुढारी नको, दलाल तर नकोच नको. दुसरा म्हणतो, पोर्टल ही निव्वळ धूळफेक, गरिबाला ते झेपत नाही, त्यापेक्षा विमा कार्यालयातली जुनी खिडकी बरी होती. दोघांचं भांडण कडाक्याचं असलं तरी अर्ज एकदा नीट भरला की काम झालं, यावर दोघांचंही एकमत आहे, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. विम्याचा दावा बघताबघता वाद होतो. एकीकडे जखमी माणूस, दुसरीकडे मालक आणि ठेकेदार, तिसरीकडे पैसे देणारं कर्मचारी राज्य विमा महामंडळ. वाद म्हटला की बाजू मांडणारा लागतो. तो कायदा जाणणारा असावा, त्याची फी कामगाराच्या खिशातून जाऊ नये आणि कोर्टाची पायरी चढायच्या आधी, पहिल्या खिडकीपाशीच तो भेटावा, असं माझं म्हणणं आहे. मी कामगारांची वकिली करते, तेव्हा माझा हितसंबंध यात आहेच. तो हिशेबात धरूनच पुढचं वाचावं.

एका बोटाचं उदाहरण घेऊ. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, कुठलंही प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग काढणारा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. नगाला नग काढायचा असतो, सेन्सरमुळे प्रेस मध्येच थांबते म्हणून तो बंद करून ठेवलेला असतो, आणि डायमध्ये अडकलेला पत्रा काढायला हात आत जातो. तर्जनी गेली तर कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात त्याचं कोष्टक होतं. पूर्ण बोट गेलं तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. यातली कोणती ओळ लागू करायची ते वैद्यकीय मंडळ ठरवतं. समजा कामगाराची सरासरी मजुरी रोजची ५०० रुपये. पूर्ण अपंगत्वाचा दर तिच्या ९० टक्के, म्हणजे ४५०. त्याचे ९ टक्के होतात ४० रुपये ५० पैसे आणि ११ टक्के होतात ४९ रुपये ५० पैसे. फरक रोज नऊ रुपयांचा, चहा-वड्याचा. पण ही रक्कम तहहयात मिळायची असते. वर्षाला ३,२८५ रुपये, आणि पंचविशीतल्या पोराच्या बाबतीत पुढच्या चाळीस वर्षांत सव्वा लाखाच्या वर. हेही मजुरी खरी दाखवली असेल तर. पगाराचा निम्मा भाग मालकाने भलत्याच भत्त्यांच्या नावावर टाकला असेल तर सगळं गणितच खाली येतं.

आता मंडळासमोर त्या पोराने काय बोलायचं? दुसऱ्या पेराचं हाड किती गेलंय हे दाखवणारा एक्स-रे सोबत न्यायचा असतो, हे त्याला कोण सांगणार? निर्णय पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आहे, विमा न्यायालय आहे आणि दोन्हीकडे मुदती आहेत, हे कोण सांगणार? पोर्टलवर टक्केवारीचा आकडा दिसेल. तो चुकला आहे का, हे पोर्टल सांगत नाही.

आणि हा झाला नशीबवान कामगार, कारण त्याची निदान नोंद होती. मानेसर-फरीदाबादच्या वाहन उद्योगात जखमी कामगारांना मदत करणाऱ्या सेफ इन इंडिया या संस्थेने आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षं एक गोष्ट मांडली आहे: कित्येकांचं विमा कार्ड अपघात झाल्यावर निघतं. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यांत काम करणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. सकाळी बोट जातं, दुपारी ठेकेदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटर उघडून नाव चढवलं जातं आणि कामावर लागल्याची तारीख कालची किंवा आजची पडते. मग खिडकीवर उत्तर मिळतं, ‘कॉन्ट्रिब्युशन दिसत नाही, बसत नाही.’ खिडकीवरचा कारकून खोटं बोलत नसतो, त्याच्या स्क्रीनवर खरंच काही दिसत नसतं. पण कामावरच्या इजेसाठी किमान वर्गणीची अटच नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि तो मालकाकडून वसूल करावा, अशी सोय १९४८ च्या कायद्यात कलम ६८ मध्ये होती. ही सोय खिडकीवर स्वतःहून कुणी सांगतं का? पोराने ‘बसत नाही’ ऐकलं की तो गावी जातो. निकाल लागला, अपील संपलं, आणि कागदावर कुठेही वाद झाल्याची खूण नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा मला माहीत आहे. वकिलाशिवाय मिळत नसेल तर तो विमा कसला? मुळात हा विमा आला तोच खटल्यांपासून सुटका म्हणून. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात जखमी कामगाराला आपल्याच मालकाविरुद्ध आयुक्तांकडे जावं लागे आणि मालक गब्बर असला की प्रकरण लोंबकळत राही. म्हणून १९४४ मध्ये प्रा. बी. पी. अडारकरांनी आरोग्य विम्याचा आराखडा दिला, त्यातून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरात योजनेचं उद्घाटन झालं. चूक कुणाची हे विचारायचं नाही, दोघांनी वर्गणी भरायची, इजा झाली की पैसे मिळायचे. इतकी सुटसुटीत कल्पना. तिच्यात पुन्हा काळे कोट घुसवायचे म्हणजे सत्तर वर्षं मागे जाणं नाही का?

मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. विमा देताना कामगाराकडून काय काढून घेतलं हे त्यात विसरलं जातं. विमेदार कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येणार नाही, असं कलम ५३ ने ठरवून टाकलं. म्हणजे हा सौदा होता: दावा ठोकायचा हक्क सोड, त्याच्या बदल्यात खात्रीचे पैसे घे. मालकाच्या पदरात सौद्याचा आपला भाग पहिल्याच दिवशी पडला. कामगाराचा भाग खिडकीवर अडकला तर त्याच्याकडे उरतं काय? हक्क काढून घेणाऱ्या कायद्यावर बदल्यातली वस्तू हातात पडेपर्यंत जबाबदारी राहते.

हा सौदा पहिल्यांदा केला तो बिस्मार्कच्या जर्मनीने, १८८४ च्या अपघात विम्याने. शिस्त, नोंदी, कागदपत्रं यांत जर्मन नोकरशाहीचा हात कोण धरणार? वकिलाविना चालणारी विमा योजना कुठे शक्य असेलच तर ती तिथे. तरीही १९५४ पासून त्यांनी सामाजिक विम्याच्या वादांसाठी स्वतंत्र न्यायालयं चालवली, विमेदाराला कोर्ट फी माफ केली आणि त्याची बाजू मांडायची मुभा वकिलांबरोबर कामगार संघटनांना आणि सामाजिक संघटनांनाही दिली. युद्धातले अपंग, विधवा, अनाथ यांच्यासाठी उभी राहिलेली ‘फाउडेका’ ही संघटना आज लाखो सभासदांच्या विमा-पेन्शनच्या तक्रारी लढवते. योजना साधी केली की वाद संपतात, हा अनुभव त्या लोकांनाही आला नाही.

कारण वाद कायद्याच्या शब्दांतच दडलेले असतात. कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर तो कामावरचा अपघात का? १९७१ मध्ये केरळातला एक कामगार साडेचारच्या शिफ्टला सायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर सव्वाचारला लॉरीने त्याला उडवलं. तो कामावर होता की नव्हता, हे ठरायला १९९६ उजाडलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नव्हता. २०१० मध्ये संसदेने कलम ५१-ई घालून घर ते काम हा प्रवास संरक्षणात आणला. पण विमा योजनेबाहेरच्या, १९२३ च्या कायद्याखालच्या कामगारांचं काय? आपल्या धाराशिव जिल्ह्यात एप्रिल २००३ मध्ये साखर कारखान्याचा एक रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, आई. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५१-ई चा अर्थ मागच्या अपघातांनाही लावला, १९२३ च्या कायद्यालाही लावला आणि आयुक्तांचा निर्णय परत उभा केला. मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

हीच गोष्ट माझ्यावर उलटवता येईल, आणि उलटवावीही. बघा, वकील घुसले की बावीस वर्षं! पण या बावीस वर्षांत विमा कंपनीकडे एक दिवस तरी वकील नव्हता का? २००९ चा निर्णय थोपवला तो कंपनीच्या अपिलाने. त्या घराकडे वकील नसता तर प्रकरण २०११ मध्येच मिटलं असतं, कंपनीच्या बाजूने. दिरंगाईचा राग मलाही येतो. तारखांवर तारखा घेणारे माझ्याच व्यवसायातले आहेत हे मी नाकारत नाही. मात्र उशिराच्या न्यायावरचा उपाय म्हणून एकाच बाजूचा वकील काढून घ्यायचा, हे तर्कशास्त्र मला उमगत नाही.

वकिलांबद्दलचा अविश्वास कामगार चळवळीतही जुना आहे आणि त्याला आधार आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू शकत नसे. मालक बॅरिस्टर आणील आणि कामगाराचा प्रतिनिधी बघत राहील, ही भीती त्यामागे होती, आणि त्या काळी ती बरोबरच होती. गंमत अशी की त्याच सुमाराच्या विमा कायद्याने वेगळी वाट धरली. कलम ७९ नुसार विमा न्यायालयात वकील चाले, नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी चाले आणि न्यायालयाने परवानगी दिली तर आणखी कुणीही चाले. मला हे शहाणपणाचं वाटतं. कामगाराची बाजू मांडणारा सनदधारकच हवा असा माझा हट्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांतल्या कापसाच्या तुसाने फुप्फुसं गेलेल्या कामगारांना बिसिनोसिसची भरपाई मिळाली ती युनियनचे कार्यकर्ते, ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरसारखा गट आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर यांच्यामुळे. रोग परिशिष्टात होताच. पण खात्यात सूत कातणाऱ्याचा खोकला आणि विडीचा खोकला यांतला फरक मंडळापुढे सिद्ध करायला कुणीतरी लागलं.

मग ‘वकील कशाला, युनियन आहे की’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन: कुठे आहे? १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मागोमाग त्यांचे विभागवार कार्यकर्तेही गेले. आजचा जखमी पोरगा ठेकेदाराचा आहे, सात-आठ महिन्यांनी त्याची कंपनी बदलते, अकरा महिन्यांनी ठेकेदार. दर वेळी नवा पीएफ नंबर पडतो, मधल्या काळात गरज लागली की आधीचा फंड काढला जातो आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची नोकरी कधी भरतच नाही. याचं नाव कुठल्या युनियनच्या वहीत आहे? त्याला ओळखतो तो फक्त मुकादम. आणि मुकादमाच्या ओळखीचा असतो ‘काम करून देणारा’ एक जण.

आता दलालाकडे येऊ, कारण सगळ्या चर्चेचा खलनायक तोच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घेता येत नाही. नियम योग्य आहे. पण त्याचा परिणाम बघा. बोट गेलेल्या माणसाकडे आगाऊ द्यायला पैसे नसतात. वकील वाटा घेऊ शकत नाही, म्हणून छोटा दावा त्याला परवडत नाही. उरतो तो माणूस, ज्याला बार कौन्सिलही नाही आणि नियमही नाहीत. तो आज काही मागत नाही, ‘आलं की बघू’ म्हणतो, आणि आलं की तिसरा हिस्सा, कधी निम्मा, काढून घेतो, एटीएम कार्डसकट. म्हणजे ही जागा आपणच रिकामी ठेवली आणि तो येऊन बसला. अमेरिकेत अपंगत्व पेन्शनच्या दाव्यात प्रतिनिधीला थकबाकीच्या २५ टक्क्यांपर्यंत फी घेता येते, तीही सरकारी मंजुरीने आणि डॉलरमधल्या कमाल मर्यादेत. ती पद्धत इथे आणा असं मी म्हणत नाही. लंगड्या माणसाच्या थकबाकीतला चौथा हिस्सा मला जास्तच वाटतो. पण तिथे निदान ही फी कुणीतरी तपासतं. आपल्याकडे कार्यालयाच्या भिंतीवर पाटी असते, ‘दलालांपासून सावध राहा, कोणालाही पैसे देऊ नका.’ ठीक आहे. मग जायचं कोणाकडे, हे त्याच पाटीवर का नसतं?

याचं उत्तर कायद्यात कधीचं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला १९९५ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक आणि औद्योगिक कामगार. या कामगारासाठी उत्पन्नाची अट नाही. असंघटित कामगारांसाठी राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१५ मध्ये वेगळी योजनाही केली. म्हणजे भोसरीच्या त्या पोराला मोफत वकील मिळण्याचा हक्क तीस वर्षं आहेच. मग तो पोचत का नाही? कारण मोफत कायदा मदत म्हणजे फौजदारी बचाव, नवरा-बायकोचे खटले आणि लोकअदालतीचे आकडे, असं समीकरण होऊन बसलं आहे. वकील मिळतो तो ‘केस’ झाल्यावर. विम्याच्या दाव्यात केस व्हायच्या आत, अपघाताची नोंद, पगाराचा आकडा आणि मंडळाचे टक्के यांतच हार-जीत ठरते. आठवड्यातून एक दिवस पॅनलवरचा वकील किंवा प्रशिक्षित अर्धविधी (पॅरालीगल) स्वयंसेवक विमा रुग्णालयाच्या ओपीडीत बसवला आणि त्याला त्या कामाचं रीतसर मानधन दिलं तर निम्मे वाद कोर्टापर्यंत जाणारच नाहीत. वकिलांमुळे खटले वाढतात म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणारच. विम्याच्या निधीतून, असं म्हटलं की लगेच ऐकू येतं, ‘कामगारांच्या घामाचा पैसा वकिलांच्या घशात?’ पण तो आत्ताही जातोच आहे. निधी कशाकशावर खर्च करता येईल याच्या यादीत, १९४८ च्या कायद्याच्या कलम २८ मध्ये, खटल्यांचा खर्च होताच. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, अशा वर्गणीतून जमणाऱ्या पैशावर महामंडळ आपला वकील उभा करतं. बोट गेलेला माणूस स्वतःच्या विरोधातल्या वकिलाच्या फीला हातभार लावतो आणि स्वतः मात्र एकटा उभा राहतो. त्याच निधीतला छोटासा भाग त्याच्याही बाजूला ठेवला तर तो अपव्यय कसा?

एक आक्षेप मात्र मी निमूट मान्य करते. मदत करणारे वाढले की खोटे दावेही वाढू शकतात. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीत आणि भांडी वाटपात कधी वीट न उचललेल्यांची नावं कशी घुसली, हे राज्यात कुणाला सांगायला नको. फक्त तिथे हे वकिलांनी केलं नाही, नव्वद दिवस काम केल्याचे दाखले विकणाऱ्यांनी केलं. आणि खोटं वागणाऱ्या वकिलाची सनद १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने जाऊ शकते. दाखले विकणाऱ्याकडे जाण्यासारखं काहीच नसतं.

नव्या संहितेत अ‍ॅपवर काम करणारेही आले आहेत, म्हणजे वादांची नवी पेरणीच झालेली आहे. एकाच दिवशी तीन अ‍ॅपवर ऑर्डरी पोचवणाऱ्या पोराला दोन ऑर्डरींच्या मध्ये अपघात झाला तर तो कोणाच्या कामावर होता? सायकलवाल्या केरळी कामगाराच्या प्रश्नाला पंचवीस वर्षं लागली होती, हा तर त्याहून किचकट आहे.

नवीन कायदा करायचीही गरज नाही, अशी एक गोष्ट उद्यापासून करता येईल. दावा नाकारला की कामगाराच्या हातात मराठीत कागद पडावा. ‘बसत नाही’ हे तोंडी उत्तर बंद. कागदावर नाकारण्याचं कारण, ज्या कलमाखाली नाकारलं ते कलम, अपिलाची शेवटची तारीख आणि खाली तालुका विधी सेवा समितीचा पत्ता. समितीलाही त्या कागदाची प्रत त्याच दिवशी जावी. पोर्टल एवढं हुशार आहेच, तर हे काम त्याला सहज जमेल.